शाळेची जागा ठरवताना

गावात नव्या प्राथमिक शाळेची चर्चा सुरू झाली की पहिला प्रश्न असतो, 'जागा कोण देतो?' जागा कशी आहे हा प्रश्न त्यानंतर येतो आणि बऱ्याचदा येतच नाही. फुकट मिळणारी जमीन ही अनेकदा ज्यात काही पिकत नाही अशी असते. नाल्याकाठची, डोंगराच्या पायथ्याची, नाहीतर गावाचा कचरा वर्षानुवर्षे जिथे पडला तिथली. शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीची शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास भरली पाहिजे. म्हणजे सहा ते अकरा वर्षांचे मूल, हाडे, दात, फुप्फुसे आणि डोळे घडण्याच्या वयात, पाच वर्षे त्याच जागेची हवा घेते आणि तिथलेच पाणी पिते. त्यामुळे जागेची निवड हा महसुली कागदांइतकाच आरोग्याचा प्रश्न आहे.

प्राथमिक शाळा वस्तीपासून एक किलोमीटरच्या आत असावी, असे निकष सांगतो. हे अंतर नकाशावर पट्टी ठेवून मोजू नये, मुलाच्या पायांनी मोजावे. आठशे मीटरवरची शाळा पावसाळ्यात ओढ्यापलीकडे जात असेल किंवा मध्ये चौपदरी महामार्ग असेल, तर ती पहिलीतल्या मुलीसाठी जवळची शाळा नव्हे.

पूर आणि दरड यांचा विचार सर्वांत आधी व्हायला हवा, कारण पुढच्या कोणत्याही खर्चाने तो दोष भरून निघत नाही. मोठ्या नद्यांसाठी जलसंपदा विभाग निळी आणि लाल अशा दोन पूररेषा आखतो. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, तर लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. शाळा लाल रेषेबाहेरच हवी. त्याचे कारण फक्त मुलांची सुरक्षा एवढेच नाही. पूर आला की माणसे आसऱ्याला शाळेतच जातात, आणि तीच पाण्यात असेल तर गावाला जायला जागा उरत नाही. छोट्या नाल्यांच्या रेषा कुणी आखलेल्या नसतात. तिथे गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारून जुन्या पुराची खूण शोधणे आणि जोते त्याच्या बरेच वर घेणे, हाच उपाय.

डोंगराळ भागात ३० जुलै २०१४ च्या सकाळी माळीणवर डोंगर कोसळला आणि दीडशेहून अधिक माणसे गेली. त्यानंतर २०२१ मध्ये तळिये, २०२३ मध्ये इर्शाळवाडी. उताराला पडलेल्या भेगा, कललेली झाडे, पावसात नव्यानेच फुटलेले गढूळ झरे ही लक्षणे दिसणाऱ्या डोंगराखाली शाळा बांधायची नसते. भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचे दरडप्रवण क्षेत्रांचे नकाशे उपलब्ध आहेत. जागा पक्की करण्यापूर्वी ते पाहायला एक दिवसही लागत नाही.

जमिनीच्या पोटातही डोकवावे लागते. मराठवाडा आणि विदर्भातली काळी जमीन पावसात फुगते आणि उन्हाळ्यात आकसते. नेहमीच्या उथळ पायावर बांधलेल्या भिंतींना काही वर्षांतच तिरक्या भेगा पडतात, दारे लागेनाशी होतात. काळी माती काढून मुरूम भरणे किंवा पाया खालच्या कठीण थरापर्यंत नेणे याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरलेला असावा. अन्यथा तो नंतर 'दुरुस्ती' या नावाने दर दोन-तीन वर्षांनी निघतोच.

यानंतरचा मुद्दा पाण्याचा. इमारतीचा नकाशा आधी आणि बोअर नंतर, हा क्रम आपल्याकडे इतका रुळला आहे की तो उलटा आहे हे कुणाच्या लक्षातही येत नाही. भारतीय मानकांनुसार दिवसाच्या शाळेला माणशी रोज ४५ लिटर पाणी धरतात. शंभर मुलांच्या शाळेला रोज साडेचार हजार लिटर. हे पाणी ऑगस्टमध्ये मिळते का, याला अर्थ नाही. विहिरीची किंवा बोअरची चाचणी मे महिन्यात व्हायला हवी.

पाणी किती आहे याइतकेच ते कसे आहे हे महत्त्वाचे. पिण्याच्या पाण्याच्या मानकात फ्लोराइडची मर्यादा लिटरला १ मिलिग्रॅम आहे आणि दुसरा स्रोतच नसेल तर १.५ मिलिग्रॅमपर्यंत सूट आहे. यवतमाळ, चंद्रपूर, नांदेड या जिल्ह्यांच्या काही भागांत भूजलात फ्लोराइड याहून जास्त सापडते. कायमच्या दातांचे आवरण सुमारे आठ वर्षांपर्यंत तयार होत असते. त्या काळात जास्त फ्लोराइड पोटात गेले तर दातांवर पांढरे, पुढे तपकिरी डाग उमटतात आणि ते आयुष्यभर राहतात. प्रमाण फारच असेल तर पुढे हाडे आणि सांधेही ताठरतात. येथे एक गैरसमज दूर करायला हवा. पाणी उकळल्याने जंतू मरतात, फ्लोराइड जात नाही. उलट, थोडे पाणी वाफ होऊन गेल्याने उरलेल्या पाण्यात त्याचे प्रमाण किंचित वाढतेच. टीसीएल पावडरचाही त्यावर काही परिणाम होत नाही. नायट्रेटचेही तसेच, त्याची मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे आणि खतांचा मारा असलेल्या शेतांजवळ किंवा गोठ्यांजवळ ती सहज ओलांडली जाते. म्हणून बोअरचे पाणी जिल्ह्याच्या प्रयोगशाळेत तपासून अहवाल हाती आल्याशिवाय जागेवर शिक्कामोर्तब करू नये. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेची त्यासाठी मदत होते.

पावसाचे पाणी हा दुसरा आधार. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर छतावर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी. दोनशे चौरस मीटरचे छत आणि ६०० मिलिमीटर पाऊस असेल, आणि वीस टक्के वाया गेले असे धरले, तर वर्षाला ९६ हजार लिटर पाणी गोळा होते. पिण्याला नाही तरी स्वच्छतागृहाला आणि झाडांना ते पुरेसा हातभार लावते, किंवा गाळून बोअरभोवती जिरवता येते.

आता स्वच्छतागृह. शाळेच्या नकाशात ते सहसा शेवटी, उरलेल्या कोपऱ्यात काढले जाते. खरे तर जागेचा आराखडा विहीर आणि स्वच्छतागृह या दोन बिंदूंपासून सुरू व्हायला हवा. शोषखड्डा पाण्याच्या स्रोतापासून किमान १८ मीटर दूर आणि उताराच्या खालच्या बाजूला असावा, असा संकेत आहे. महाराष्ट्रात त्यात आणखी एक मेख आहे. राज्याचा बहुतांश भाग काळ्या कातळावर, म्हणजे बेसाल्टवर वसलेला आहे. मातीतून जाताना सांडपाणी गाळले जाते, पण कातळाच्या भेगांतून ते न गाळताच वाहत जाते. मुरूम उथळ आणि खाली भेगाळ खडक असेल, तर १८ मीटरही अपुरे पडू शकतात. उलट काळ्या मातीत पाणी मुरतच नाही आणि पहिल्याच पावसाळ्यात खड्डा वर येतो. जमीन कशी आहे हे कळायला मोठी यंत्रे लागत नाहीत. खड्डा खणायचा, आधी मातीला पाणी पाजून ती भिजवून घ्यायची, मग पुन्हा पाणी भरून ते किती वेळात किती उतरते हे घड्याळ लावून पाहायचे. गवंड्यालाही ही चाचणी जमते. फक्त ती करायला कुणीतरी सांगावे लागते.

मुलींचे स्वच्छतागृह वेगळे असणे कायद्याने बंधनकारक आहे. पण वेगळे असले म्हणजे वापरात असते असे नाही. मैदानाच्या टोकाला, कुंपणाच्या पडक्या भागाजवळ असलेल्या खोलीत मुली एकट्या जात नाहीत. दाराला आतून कडी नसेल, आत पाणी नसेल, तर त्या शाळेच्या वेळेत पाणी पिणेच टाळतात. कमी पाणी आणि तासन्‌तास लघवी रोखून धरणे यातून मूत्रमार्गाचा संसर्ग, बद्धकोष्ठता, डोकेदुखी अशा तक्रारी सुरू होतात आणि आईवडील त्याचे कारण भलतीकडेच शोधत राहतात. स्वच्छतागृहाची वाट वर्गाच्या ओसरीवरून दिसेल अशी, पण दार आडोशाला, एवढे भान आराखड्यात असले तरी पुष्कळ. अपंग मुलांसाठी उतार आणि कठडा हवा. उतार असा की चाकाची खुर्ची खरोखर चढेल; केवळ फोटोपुरता बांधलेला नको.

हात धुण्याच्या नळांचे गणित तर कुणी मांडतच नाही. शाळेत पोषण आहाराच्या सुट्टीत शंभर मुले आणि दोन नळ असतील, तर प्रत्येकी अर्धा मिनिट धरून शेवटच्या मुलाचे हात धुऊन व्हायला २५ मिनिटे लागतील. ते मूल अर्थातच थांबणार नाही, तसेच ताटावर बसेल. दहा तोट्यांचा एकच लांब पाइप असेल तर हेच काम पाच मिनिटांत होते. साबणाने हात धुण्याच्या सवयीने मुलांमधले अतिसाराचे प्रमाण सुमारे ३० टक्क्यांनी घटते, असे अनेक देशांतल्या अभ्यासांचे एकत्रित निष्कर्ष आहेत. शाळेच्या संपूर्ण खर्चात आठ जादा तोट्यांची किंमत ती काय?

आवाजाकडे मात्र आरोग्याचा प्रश्न म्हणून पाहण्याची आपल्याला सवय नाही. न्यूयॉर्कच्या मॅनहॅटन भागातल्या एका सरकारी प्राथमिक शाळेला लागून उंचावरचा रेल्वेमार्ग जात होता. दर काही मिनिटांनी गाडी धडधडत जाई आणि शिक्षक तेवढा वेळ गप्प उभे राहत. मानसशास्त्रज्ञ आर्लिन ब्रॉन्झाफ्ट यांनी १९७५ मध्ये त्या शाळेतल्या मुलांच्या वाचनाच्या गुणांची तुलना केली. रुळांकडच्या वर्गांतली मुले त्याच इमारतीच्या शांत बाजूच्या मुलांपेक्षा मागे पडली होती. वरच्या इयत्तेत हा फरक जवळजवळ वर्षभराचा होता. पुढे रुळांखाली रबरी पट्ट्या बसवल्या, वर्गांना आवाज शोषणारी छते लावली. १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या पाहणीत दोन्ही बाजूंची मुले सारखीच वाचत होती. मुले तशीच होती, शिक्षकही तसेच. बदल झाला होता तो आवाजात.

आपल्याकडे २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार शाळेभोवतीचे १०० मीटर हे शांतता क्षेत्र धरता येते आणि तिथे दिवसा आवाजाची मर्यादा ५० डेसिबल आहे. पण एसटी स्थानकाला किंवा महामार्गाला टेकून शाळा बांधायची आणि नंतर 'हॉर्न वाजवू नका'ची पाटी लावायची, याला नियोजन म्हणत नाहीत. त्या रस्त्याचा धूरही मुलांच्याच नाकात जातो. कॅलिफोर्नियात हजारो मुलांची अनेक वर्षे तपासणी झाली, तेव्हा द्रुतगती मार्गापासून ५०० मीटरच्या आत राहणाऱ्या मुलांच्या फुप्फुसांची वाढ दूर राहणाऱ्यांपेक्षा कमी आढळली. त्या राज्याने २००३ मध्येच अशा मार्गापासून ५०० फुटांच्या आत नवी शाळा उभारण्यावर बंधन घातले आहे.

इमारत जागेवर कशी बसवायची, हे उन्हावर आणि वाऱ्यावर ठरते. लांबट बाजू पूर्व-पश्चिम आणि खिडक्या उत्तर-दक्षिणेला असल्या की वर्गात उजेड भरपूर आणि ऊन कमी येते. समोरासमोर खिडक्या असतील तर वारा आरपार जातो, चाळीस मुलांच्या श्वासाने कोंदट झालेली हवा बाहेर पडते आणि वर्गात पेंगणारी डोकीही कमी होतात. राज्याच्या बऱ्याच भागात वारा वर्षाचा मोठा काळ पश्चिमेकडून वाहतो. तेव्हा स्वयंपाकघर आणि स्वच्छतागृह पूर्वेकडे ठेवले की धूर आणि वास वर्गात येत नाही. वास्तुशास्त्राचा सल्ला घेणाऱ्यांनी आधी उदबत्ती पेटवून धूर कुठे जातो ते पाहावे. उघड्या पत्र्याचे छत विदर्भाच्या उन्हाळ्यात वर्गाची भट्टी करते. पत्रा टाळता येत नसेल तर किमान खाली दुसरे छत आणि वरून पांढरा रंग हवा. रंग घेताना डब्यावरचे शिसे-प्रमाण वाचावे. देशात ९० पीपीएमची मर्यादा लागू आहे.

स्वयंपाकघर वर्गापासून सुटे का हवे, याचे उत्तर तमिळनाडूतल्या कुंभकोणममध्ये १६ जुलै २००४ रोजी मिळाले. तिथे दुपारचे जेवण शिजत असताना स्वयंपाकघराच्या गवती छताला लागलेली आग वरच्या वर्गांच्या छपरापर्यंत पोहोचली. जिना एकच आणि अरुंद होता. ९४ मुले गेली. पुढे २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने देशभरातल्या शाळांसाठी सुरक्षेचे निर्देश दिले. दोन जिने, बाहेर उघडणारी दारे, गज नसलेली किमान एक खिडकी आणि सुटे स्वयंपाकघर हे सगळे कागदावरच सोडवायचे असते. भिंती उभ्या राहिल्यावर त्यातले बरेचसे करता येत नाही.

विजेची गरज मात्र वाटते तेवढी मोठी नाही. दोन खोल्यांत ७५ वॅटचे चार पंखे आणि २० वॅटचे चार दिवे सहा तास चालले, तर दिवसाला सव्वादोन युनिटच्या आसपास वीज लागते. एक किलोवॅटचे सौर पॅनेल स्वच्छ उन्हात रोज साधारण चार युनिट देते. बिल थकले म्हणून जोडणी तोडलेल्या शाळा राज्यात कमी नाहीत, हे लक्षात घेतले तर छतावर पॅनेलची जागा आणि त्यावर सावली पडणार नाही अशी झाडांची रांग आधीच ठरवावी. मैदानावरून उच्च दाबाच्या तारा जाऊ नयेत, अर्थिंगचा खड्डा नीट ओला राहावा आणि वीज पडण्याचे प्रमाण जास्त असलेल्या भागात तडितरक्षक हवाच.

खर्च वाढला की कात्री मैदानाला लागते. चीनमधल्या ग्वांगझू शहरात १२ प्राथमिक शाळांमध्ये एक प्रयोग झाला. निम्म्या शाळांनी पहिलीच्या मुलांना रोज ४० मिनिटे जादा उघड्यावर ठेवले. तीन वर्षांनी त्यांच्यात लघुदृष्टी, म्हणजे लांबचे अंधुक दिसण्याचा दोष, ३०.४ टक्के मुलांना जडला होता. इतर शाळांत ३९.५ टक्के. औषध काहीच नव्हते, फक्त बाहेरचा उजेड. तो मिळण्यासाठी पटांगण हवे, आणि एप्रिलच्या उन्हात त्यावर उभे राहता यावे म्हणून कडेने लिंब किंवा करंज हवा. ही झाडे बांधकामाच्या पहिल्या पावसाळ्यातच लावली, तर शाळा भरेपर्यंत ती गुडघ्याच्या वर येतात.

काम पूर्ण झाल्यावर ठेकेदाराकडून एक गोष्ट मागून घ्यायची राहून जाते. प्रत्यक्ष जसे बांधले तसा नकाशा: जमिनीखालचे पाइप कुठून जातात, सेप्टिक टँकचे झाकण कुठे आहे, अर्थिंग कुठे पुरले आहे, मुख्य व्हॉल्व्ह कोणता. दहा वर्षांनी पाइप फुटतो तेव्हा त्या वेळचे मुख्याध्यापक बदलून गेलेले असतात, ग्रामसेवकही. तो नकाशा पाणी-तपासणीच्या अहवालासह चौकटीत बसवून कार्यालयाच्या भिंतीला टांगावा, आणि टाकी धुतल्याच्या तारखा लिहायला त्याच्याच खाली थोडी जागा ठेवावी.