मोबाईलवरील नकाशा आणि आपली जबाबदारी



ऊस नोंदीच्या वेळी आम्ही दरसाल एक गोष्ट सांगत असतो. गट नंबर नीट सांगा, शिवार कोणते ते सांगा, वाट कोणीकडून आहे ते सांगा. नोंद चुकली की टोळी भलत्याच बांधावर जाऊन उभी राहते, गाडी रिकामी थांबते आणि तोडलेला ऊस उन्हात वाळतो. नुकसान नोंद घेणाऱ्याचे होत नाही, ऊसवाल्याचे होते. मोबाईलवरच्या नकाशाचेही आता तसेच झाले आहे. त्यावर आपल्या गावाची, दुकानाची, दवाखान्याची जी नोंद आहे ती बरोबर आहे की चूक, हे पाहणे आपल्याच हिताचे आहे. म्हणून या अंकात उसाऐवजी थोडे नकाशाविषयी लिहीत आहोत.

पूर्वी परगावचा ट्रकवाला चौकात उतरून पत्ता विचारी. आता तो मोबाईल समोर लावतो आणि तो सांगेल तिकडे वळतो. औषधाचे दुकान उघडे आहे का, वजनकाटा कुठे आहे, रोपवाटिकेचा फोन नंबर काय, हे सारे लोक तिथेच पाहतात. शिर्डीला आणि शनिशिंगणापूरला जाणारी मंडळी रस्त्यावरची रसवंती नि गूळ विकणारे दुकानसुद्धा त्यावरच शोधतात. आपल्यापैकी पुष्कळांच्या मुलांनी असे लहानमोठे धंदे काढलेले आहेत. तेव्हा हा विषय परका नाही.

नकाशा तयार कसा होतो?

पुष्कळांना वाटते की हे सगळे आकाशातून उपग्रह बघतो. तसे नाही. उपग्रहाला घराचे छप्पर दिसते, पण त्या छपराखाली खताचे दुकान आहे की पिठाची गिरणी, हे दिसत नाही. कॅमेरा लावलेल्या मोटारीही फिरतात. जुलै २०२२ मध्ये गूगलने भारतात रस्त्यांचे फोटो दाखवण्याची सोय सुरू केली तेव्हा पहिल्या दहा शहरांत आपले नगरही होते. पण मोटार शहरातून फिरली म्हणून ती चारीच्या कडेच्या वस्तीवर येते असे नाही. आणि आली तरी पुढच्या वर्षी दुकान बदललेले असते.

म्हणून राहिलेली माहिती माणसेच भरतात, तीही बिनपगारी. २००८ साली गूगलने ‘मॅप मेकर’ नावाची सोय काढली. तिची उभारणी भारतातल्या अभियंत्यांनी केली होती. ज्या मुलखाचे चांगले नकाशे मिळत नव्हते, तिथल्या लोकांनीच आपले रस्ते, शाळा, देवळे त्यावर काढावीत अशी ती कल्पना. २०१७ साली ती बंद झाली आणि दुरुस्तीचे काम नेहमीच्या नकाशातच आणले गेले. दुसरा नकाशा ‘ओपनस्ट्रीटमॅप’ हा. तो २००४ साली इंग्लंडात सुरू झाला. तो कोणा एका कंपनीच्या मालकीचा नाही. जगभरचे स्वयंसेवक तो भरतात आणि कोणीही तो वापरू शकतो. सहकाराच्या जिल्ह्यातल्या माणसाला यात नवल वाटू नये. दहाजणांनी थोडे थोडे घातले की सर्वांचे काम होते, हे आपण कारखाना काढून केव्हाच दाखवले आहे.

चुकीची किंमत

जानेवारी २०२१ मध्ये आपल्याच जिल्ह्यात अकोले तालुक्यात एक दुःखद घटना घडली. कळसूबाईला निघालेल्या पुण्याकडच्या मंडळींची मोटार रात्री कोतूळजवळ पिंपळगाव खांड धरणाच्या पाण्यात गेली. दोघे बाहेर आले, एकजण बुडाला. ते मोबाईलवरचा नकाशा पाहून चालले होते असे पोलिसांनी तेव्हा सांगितले. तिथला पूल वर्षातले काही महिने पाण्याखाली असतो. हे कोतूळच्या शाळकरी पोराला ठाऊक होते. रात्री दीड-दोनला परक्या माणसाला ते सांगणार कोण? गावाला असलेली माहिती नकाशाला नव्हती, एवढीच गोष्ट. पण त्यात एक जीव गेला.

आपल्याकडे एवढे मोठे पाणी नसेल, पण फडावर सर्पदंश होतो, उसाने भरलेली ट्रॉली उलटते, एखाद्या तोडणी कामगार बाईला कोपीवरच कळा सुरू होतात. १०८ची गाडी बोलवावी हे पहिले. पण परगावच्या टोळीतला माणूस घाबरून मोबाईलवर जवळचा दवाखाना शोधतो आणि नकाशा त्याला चार वर्षांपूर्वी हललेल्या दवाखान्याच्या जुन्या जागेवर नेतो, असे होऊ शकते. तिथली अर्धी घटका फार महाग पडते.

नावांचा घोळ

आपल्या जिल्ह्यात गावांच्या नावांचा घोळ काही कमी नाही. नुसते टाकळी म्हटले तर टाकळी ढोकेश्वर पारनेरला, टाकळीभान श्रीरामपूरला, टाकळी मियाँ राहुरीला आणि टाकळी मानूर पाथर्डीला. श्रीरामपूरला रेल्वेने उतरणाऱ्याला स्टेशनवर पाटी दिसते बेलापूरची. बेण्यासाठी पाडेगावच्या ऊस संशोधन केंद्राला जायचे तर ते फलटणकडे आहे, आणि नावाने जवळचे पढेगाव आपल्याच श्रीरामपूर तालुक्यात. इंग्रजीत टाईप करताना एक अक्षर इकडचे तिकडे झाले की माणूस उलट्या दिशेला लागतो. म्हणून नाव टाकताना गावाबरोबर तालुका जरूर टाकावा.

जिल्ह्याचे नाव ऑक्टोबर २०२४ पासून अधिकृतपणे अहिल्यानगर झाले आहे. पत्त्यात ते लिहावे. मात्र दुकानाचे नाव दुकानदाराने पाटीवर जे लिहिले आहे तेच ठेवावे. पाटीवर ‘नगर’ असेल तर तेच नकाशावर हवे. दुसऱ्याच्या पाटीचे नाव आपण परस्पर बदलायचे नाही.

दुरुस्ती कशी करावी?

हे काम अवघड नाही. दहावीतली मुलगीही करू शकते.

१) गूगलच्या नकाशावर त्या ठिकाणाच्या नावाला बोट लावावे. माहिती उघडली की खाली बदल सुचवण्याचा पर्याय असतो.

२) तिथे नाव, वेळ, फोन आणि जागेची खूण बदलता येते. दुकान हलले असेल किंवा कायमचे बंद झाले असेल तर तसे कळवता येते.

३) शक्य तर त्या जागी उभे राहून पाटीचा स्वच्छ फोटो जोडावा. पाटीसारखा पुरावा नाही.

४) रस्त्याची चूक वेगळी कळवावी लागते. पाणंदीला मोठा रस्ता दाखवला असेल, चारीवरचा पूल पडला असेल, तर अवश्य कळवा. हंगामात भरलेली गाडी अशा वाटेने आत गेली की ना पुढे जाते ना मागे येते.

५) दुरुस्ती लगेच दिसेलच असे नाही. ती तपासली जाते; काही मान्य होतात, काही होत नाहीत. मान्य झाली नाही म्हणून रुसू नये. आणखी एकदोघा माहितगारांनी तीच गोष्ट स्वतंत्रपणे कळवावी.

ओपनस्ट्रीटमॅपवर काम करायचे तर एक नियम कसोशीने पाळावा. दुसऱ्या नकाशावरून बघून उतरवायचे नाही. आपण डोळ्यांनी पाहिले तेवढेच भरायचे.

ज्याचे स्वतःचे दुकान आहे त्याने आपल्या नोंदीवर मालकी सांगून ठेवावी. फोनने किंवा दुकानाचा व्हिडिओ दाखवून खात्री केली जाते. याला पैसे पडत नाहीत. ‘तुमचे दुकान नकाशावर चढवतो, इतके रुपये भरा, नाहीतर नाव निघेल’ असा फोन आला तर तो गूगलचा समजू नये आणि एक रुपयाही देऊ नये.

जे दार उघडे ते चोरालाही उघडे

कोणालाही दुरुस्ती करता येते, यातच धोकाही आहे. २०१८ साली महाराष्ट्राच्या सायबर पोलिसांकडे बँक ऑफ इंडियाच्या तक्रारी आल्या. भामट्यांनी नकाशावर बँकेच्या शाखांचा फोन नंबर बदलून स्वतःचा टाकला होता. ग्राहक बँक समजून फोन करीत, पलीकडचा माणूस गोड बोलून कार्डाचा नंबर नि पिन विचारी, आणि खात्यातली रक्कम जाई. गूगलने स्वतःच सांगितल्याप्रमाणे २०२४ या एका वर्षात नियमबाह्य किंवा संशयास्पद अशा ७ कोटींहून अधिक दुरुस्त्या त्यांनी अडवल्या वा काढल्या. यावरून प्रयत्न किती होतात याचा अंदाज यावा.

म्हणून बँकेचा नंबर पासबुकावरून घ्यावा, कारखान्याचा नंबर गट ऑफिसमधून घ्यावा. फोनवर ओटीपी किंवा पिन कोणालाही सांगू नये. फसवणूक झालीच तर लाजून घरी बसू नका, ताबडतोब १९३० या क्रमांकावर कळवा. जितका उशीर तितके पैसे हाती लागणे कठीण.

आणि एक गोष्ट रोखठोक सांगतो. शेजारच्या दुकानदाराशी भांडण आहे म्हणून त्याचे दुकान ‘कायमचे बंद’ असे कळवणे, हा खोडसाळपणा नाही, ते दुसऱ्याच्या पोटावर पाय देणे आहे. ज्याच्यावर अशी वेळ आली असेल त्याने पाटीसह आजचा फोटो जोडून लगेच दुरुस्ती पाठवावी आणि चार गिऱ्हाईकांनाही पाठवायला सांगावे.

बांधाबाबतही सावध राहा. मोबाईलवरची रेघ ही तुमच्या शेताची हद्द नव्हे. ती दाखवून भाऊबंदांशी वाद घालू नये. हद्दीचे काम भूमी अभिलेख खात्याच्या मोजणीचे, तिथे मोबाईलचा उपयोग नाही.

आता काय करावे?

गळिताच्या आधी प्रत्येक गावातल्या दोनचार मुलामुलींनी एक दिवस काढावा. सेवा सोसायटी, खताचे दुकान, वजनकाटा, पेट्रोल पंप, ट्रॅक्टरचे गॅरेज, प्राथमिक आरोग्य केंद्र आणि फडाकडे जाणाऱ्या मुख्य वाटा, एवढेच तपासावे. खूण जागेवर आहे का, फोन लागतो का, वेळ बरोबर आहे का, तीन गोष्टी बघायच्या. चूक दिसली तर दुरुस्ती पाठवायची. वडीलधाऱ्यांनी मुलांबरोबर बसावे. मोबाईल त्यांना कळतो, पण कोणती चारी कुठे फुटते आणि कोणता पूल भरल्या गाडीला पेलतो, हे तुम्हालाच ठाऊक. या दोन माहित्या एकत्र आल्या तरच नकाशा बरोबर होईल.

या कामाचे पैसे मिळत नाहीत. पण शेजाऱ्याच्या उसाला आग लागली तर आपण मजुरी विचारून धावत नाही. हेही त्याच जातीचे काम आहे. आपल्या गावाची माहिती आपल्याइतकी दुसऱ्या कोणाला नाही. आपण ती भरली नाही तर कोणीतरी अर्धवट भरील किंवा मुद्दाम चुकीची भरील.

सभासदांनी याची नोंद घ्यावी आणि आपल्या घरच्या तरुण मंडळींना हा मजकूर वाचून दाखवावा, ही विनंती.

— ऊस विकास अधिकारी