मुंबईच्या वाटेवरील पाणबुडी

नाणेघाटांतून जुन्नरच्या पेठेंत माल चढे त्या काळापासून घाटमाथ्याचा व्यापार समुद्राशीं जुळलेला आहे. ही सागरी वाट किती नाजूक असते, हें यू-३८ या जर्मन पाणबुडीनें दाखवून दिलें.

कील येथें बांधलेली ही नौका सुमारें ६५ मीटर लांब होती. पाण्यावर ती डीझेल एंजिनानें चाले. पाण्याखालीं एंजिनास हवा मिळत नसल्यामुळें विजेच्या बॅटऱ्यांवर, तीही मंद गतीनें. बॅटऱ्या संपल्या कीं वर येणें प्राप्तच! बुडी हें केवळ लपण्याचें साधन होतें.

३० डिसेंबर १९१५ रोजीं क्रीट बेटाजवळ तिचा कप्तान मॅक्स व्हालेंटिनर यानें मुंबईस येणाऱ्या ‘पर्शिया’ आगबोटीवर पूर्वसूचनेवांचून टॉर्पेडो सोडला. कांहीं मिनिटांतच बोट बुडाली. ५१९ पैकीं सुमारें ३४३ माणसें दगावलीं.

उतारूंस आधीं होड्यांत उतरवावें, मगच बोट बुडवावी, असा जुना दंडक होता. परंतु ‘पर्शिया’वर तोफ होती, आणि वर येऊन थांबणारी पाणबुडी तोफेपुढें दुबळी ठरे, हें श्रोत्यांनीं ध्यानांत घ्यावें. यू-३८ पुढें १९१९ त फ्रान्सच्या स्वाधीन झाली व १९२१ त मोडली गेली. तिच्या दुबळेपणाची किंमत मात्र निःशस्त्र उतारूंनीं दिली होती.