गुलाबाच्या रंगांना अर्थ कोणी दिले?

लाल गुलाब प्रेमाचा, पिवळा मैत्रीचा, पांढरा शांततेचा आणि गुलाबी कौतुकाचा, ही वाटणी आज इतक्या ठामपणे सांगितली जाते की ती फुलाबरोबरच जन्माला आली असावी असा समज होतो. प्रत्यक्षात तिचा बराचसा भाग गेल्या दोनशे वर्षांत लेखक, रोपवाटिकाधारक आणि विक्रेते यांच्या हातून घडला आहे.

फुलांद्वारे निरोप धाडण्याच्या संकेताला, म्हणजे पुष्पभाषेला, युरोपात चालना मिळाली ती ब्रिटिश राजदूताची पत्नी लेडी मेरी वर्टली मॉंटेग्यू यांच्या पत्रांमुळे. तुर्कस्तानातील ‘सेलाम’ नावाच्या प्रथेचे वर्णन करणारी ही पत्रे 1763 मध्ये छापली गेली. सेलाममध्ये फुलाच्या रंगापेक्षा त्या वस्तूच्या नावाशी यमक जुळणारी ओळ महत्त्वाची असे, आणि फुलाऐवजी एखादे फळ किंवा मसाल्याचा पदार्थही चाले. युरोपीय लेखकांनी मात्र यमक टाकून फूल तेवढे उचलले. 1819 मध्ये पॅरिसमध्ये शार्लोट द लातूर या टोपणनावाने पुष्पभाषेचा कोश निघाला आणि 1884 मध्ये लंडनच्या केट ग्रीनअवे यांचे सचित्र पुस्तक आले. त्यात गुलाब या फुलाचा सर्वसाधारण अर्थ प्रेम असला, तरी गडद लाल गुलाबापुढे लाजेचा संकोच असा अर्थ दिलेला आहे, तेव्हा आजच्या प्रियकराचा गुच्छ त्या काळच्या वाचकाला भलताच निरोप देऊन गेला असता.

सर्वांत मोठे स्थित्यंतर पिवळ्या गुलाबाचे. ग्रीनअवे यांच्या पुस्तकात त्याचा अर्थ ओसरलेले प्रेम आणि मत्सर असा आहे, आणि युरोपीय चित्रकलेत विश्वासघातकी ज्यूडासला अनेकदा पिवळी वस्त्रे दिली जात, हे पाहता त्या रंगाची बदनामी गुलाबापुरती नव्हती. शिवाय त्या काळी युरोपातील बागांमध्ये गडद पिवळा गुलाब दुर्मीळच होता. पश्चिम आशियातून आलेल्या ‘रोझा फेटिडा’ या जातीत तो रंग होता, पण तिच्या नावातच दुर्गंधाचा निर्देश आहे. ल्योंचे जोझेफ पर्ने-दुशे यांनी तिच्या ‘पर्शियन यलो’ या प्रकारापासून संकर करून 1900 मध्ये ‘सोलेय दॉर’ हा वाण बाजारात आणला, आणि त्यानंतर पिवळे व नारिंगी गुलाब बागांमध्ये झपाट्याने पसरले. त्याच वाटेने पानांवर काळे ठिपके पाडणाऱ्या रोगाला बळी पडण्याची प्रवृत्तीही आली, असे मानले जाते. मत्सराचा म्हणून ओळखला जाणारा पिवळा गुलाब विसाव्या शतकात मैत्रीचा झाला, यामागे भावनांतील बदलापेक्षा सुंदर पिवळ्या फुलांची मुबलकता अधिक असावी. विपुल पिकणाऱ्या मालाला वाईट अर्थ चिकटलेला कोणत्याही विक्रेत्याला परवडत नाही.

पांढऱ्याचा इतिहास राजकीय आहे. इंग्लंडमधील यॉर्क घराण्याचे चिन्ह पांढरा गुलाब, तर लॅंकेस्टरशी लाल गुलाब जोडला जातो. 1455 ते 1485 या काळातील संघर्षानंतर ट्यूडर राजांनी दोन्ही एकत्र गुंफले.

महाराष्ट्रात रंगाचा संकेत मुळात देवपूजेचा, देवीला व गणपतीला लाल आणि महादेवाला पांढरे फूल असा. देणाऱ्या-घेणाऱ्यांतील रंगभाषा बाहेरून आली. बाजारात मात्र ती पक्की रुजली असून मावळ तालुक्यातील तळेगाव परिसरातील पॉलिहाउसधारक 14 फेब्रुवारीच्या निर्यातीसाठी आधीच छाटणीचे वेळापत्रक आखतात आणि त्यात लाल वाणांनाच मान असतो.

निळ्या गुलाबाचा अर्थ तर कंपनीनेच बदलला. गुलाबात डेल्फिनिडिन हे निळसर रंगद्रव्य तयार होत नसल्याने निळा गुलाब म्हणजे अशक्य गोष्ट, असा संकेत होता. जपानच्या सन्टोरी कंपनीने जनुकीय बदलाने ते द्रव्य फुलात आणले आणि 2009 मध्ये ‘अप्लॉज’ नावाने विकताना त्याला स्वप्नपूर्तीचा अर्थ जोडला. त्या फुलाचा प्रत्यक्ष रंग फिकट जांभळा आहे, आणि दुकानात दिसणारे गडद निळे गुलाब म्हणजे रंग दिलेली पांढरी फुलेच होत.