सरकत्या वाळूचा हिशेब

लांबी सुमारे 320 किलोमीटर, आणि रुंदी कित्येक ठिकाणी एक किलोमीटरसुद्धा नाही. अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलायना राज्यासमोर अटलांटिक महासागरात वाळूच्या बेटांची अशी माळ पसरली आहे. तिचं नाव आउटर बँक्स. पायाला कातळ नाही, सगळा भार वाळूवर. तरीही हीच बेटं महासागराच्या लाटा छातीवर झेलतात आणि मुख्य भूमी त्यांच्या आडोशाला राहते.

बेटं आणि मुख्य भूमी यांच्यामधलं पाणी म्हणजे पॅम्लिको साउंड. लांबी जवळपास 130 किलोमीटर, क्षेत्रफळ 5,000 चौरस किलोमीटरहून अधिक. 3,702 चौरस किलोमीटरच्या अख्ख्या गोव्याहूनही हा विस्तार मोठा. एवढा विस्तार असूनही खोली फार थोड्या जागी 25 फुटांपर्यंत जाते. 1524 साली इटालियन दर्यावर्दी व्हेराझानो बेटांच्या बाहेरून जात होता. वाळूच्या पट्ट्यापलीकडे त्याला नजर पोहोचेपर्यंत पाणीच पाणी दिसलं, आणि हाच चीनकडे नेणारा पूर्वेचा समुद्र, असं त्याने ठरवून टाकलं. पॅसिफिक तिथून चार हजार किलोमीटर दूर होता. पण पुढची कित्येक दशकं युरोपातले नकाशे अमेरिकेच्या पोटात हा समुद्र दाखवत राहिले.

बेटांच्या बाहेरच्या अंगाने गल्फ स्ट्रीम वाहतो. फ्लोरिडाजवळच या प्रवाहातून सेकंदाला सुमारे 3 कोटी घनमीटर पाणी जातं. जगातल्या सगळ्या नद्या मिळून समुद्रात ओततात ते सेकंदाला साधारण 12 लाख घनमीटर. उत्तरेकडे येता येता प्रवाह आणखी फुगतो. हॅटरस भूशिराजवळ त्याची उत्तरेकडून येणाऱ्या थंड पाण्याशी गाठ पडते, आणि तिथेच पाण्याखाली वाळूचे उथळ दांडे कित्येक किलोमीटर आत घुसलेले आहेत. गेल्या पाच शतकांत या किनाऱ्यावर दोन हजारांहून अधिक जहाजं फुटली. या पट्ट्याला ‘अटलांटिकचं स्मशान’ म्हणतात ते उगाच नाही.

पण इथली सगळ्यात चक्रावून टाकणारी गोष्ट म्हणजे बेटांचं सरकणं. वीस हजार वर्षांपूर्वी, हिमयुगात, समुद्राची पातळी आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होती आणि किनारा कित्येक किलोमीटर पूर्वेला होता. बर्फ वितळला, पाणी चढलं, आणि वाळू मागे हटत राहिली. वादळात लाटा बेट ओलांडतात, समुद्राकडची वाळू उचलून मागच्या बाजूला टाकतात. पुढून झिजायचं आणि मागून वाढायचं, अशी ही बेटं अजूनही मुख्य भूमीकडे सरकताहेत. नॅग्ज हेडच्या जॉकीज रिज या टेकाडात 3 कोटी टन वाळू असल्याचा अंदाज आहे, म्हणजे सुमारे 60 लाख डंपर. वाऱ्यासरशी सरकता सरकता या टेकाडाने वाटेतलं एक मिनी गोल्फचं मैदान गिळलं. जवळच किल डेव्हिल हिल्सला 17 डिसेंबर 1903 रोजी राइट बंधूंचं विमान पहिल्या खेपेला 12 सेकंद उडालं. त्यांचं स्मारक बांधायचं ठरलं, तेव्हा वाळूची टेकडी जागच्या जागी राहावी म्हणून आधी तिच्यावर गवत लावावं लागलं.

या सरकण्याची किंमत बंदरांनी मोजली. बाथ 1705 मध्ये वसलं, न्यू बर्न 1710 मध्ये. या आतल्या गावांचा माल ओक्राकोकच्या मुखातून, म्हणजे दोन बेटांमधल्या वाटेतून, समुद्रात जायचा. तिथलं पाणी उथळ, म्हणून मोठ्या जहाजांचा माल पडावांत उतरवून आत न्यावा लागे. याच कामासाठी 1753 साली मुखावर पोर्ट्समथ गाव वसवलं गेलं. 1842 मध्ये या मुखातून 1,400 जहाजं गेली. राज्याची दोनतृतीयांश निर्यात त्यांच्यात होती. चारच वर्षांनी, सप्टेंबर 1846 मध्ये, एका वादळाने उत्तरेकडे दोन नवी मुखं फोडली, हॅटरस आणि ओरेगन. हॅटरसला पाणी जास्त खोल, त्यामुळे जहाजं तिकडे वळली. 1860 मध्ये पोर्ट्समथमध्ये 685 माणसं होती. 1971 मध्ये शेवटची माणसंही गाव सोडून गेली. आज घरं आहेत, चर्च आहे, राहणारं कुणी नाही.

हॅटरसचा विटांचा दीपस्तंभ 1870 मध्ये बांधला, तेव्हा समुद्र 1,500 फूट लांब होता. 1970 मध्ये तो 120 फुटांवर आला. म्हणजे वर्षाला सरासरी 14 फूट. शेवटी 1999 च्या उन्हाळ्यात 4,400 टन वजनाचा, सुमारे 200 फूट उंचीचा हा स्तंभ जॅकवर उचलून पोलादी रुळांवरून 2,900 फूट आत नेला. 23 दिवस लागले, आणि समुद्र पुन्हा 1,600 फुटांवर गेला. त्याच वेगाने सरकला, तर या 23 दिवसांनी शतकभराची उसंत मिळाली म्हणायची.

1846 मध्ये फुटलेलं ओरेगनचं मुख तेव्हापासून तीन किलोमीटरहून अधिक दक्षिणेला गेलं आहे. त्यावरच्या 1963 च्या पुलाला जहाजांसाठी एकच उंच गाळा होता. मुख हललं की खालचा मार्ग गाळाने भरे आणि तो उपसत बसावं लागे. 2019 मध्ये तिथे 25.2 कोटी डॉलर खर्चून साडेचार किलोमीटरचा नवा पूल खुला झाला. आयुष्य शंभर वर्षं धरलेल्या या पुलाला जहाजांसाठी एकाऐवजी अनेक उंच गाळे आहेत. जहाजाने कोणत्या गाळ्यातून जायचं, ते वाळूने ठरवायचं.