ध्येयाची निश्चिती आणि दिनक्रमाची शिस्त

सार्वजनिक कामात गुंतलेल्या माणसाचा दिवस अनेक तुकड्यांत वाटला जातो. बैठका, दौरे, विवरणपत्रे, अर्जदारांच्या भेटी आणि घरची कर्तव्ये यांत सकाळची संध्याकाळ होते. वर्षअखेरीस मागे वळून पाहिले असता कष्ट पुष्कळ झाल्याचे आठवते. परंतु त्यांतून काय उभे राहिले, हे सांगता येत नाही. आपल्याला नेमके काय साधावयाचे आहे, याचा निर्णय झालेला नसला की असे घडते. या दृष्टीने महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चरित्र अभ्यासण्यासारखे आहे.

उद्दिष्टाचा नेमकेपणा

कर्वे १८९१ साली पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले. १८९३ मध्ये त्यांनी शारदा सदनात शिकलेल्या एका विधवेशी पुनर्विवाह केला. मुरूड या त्यांच्या गावी त्यावरून बहिष्काराचा ठराव झाला. त्याच वर्षी त्यांनी विधवाविवाहाला उत्तेजन देणारी मंडळी स्थापन केली. परंतु असे विवाह अल्प प्रमाणात होत आणि बहुसंख्य विधवांचे परावलंबन तसेच राही, हे त्यांच्या ध्यानात आले. शिक्षणाने त्यांना स्वतःच्या पायांवर उभे करणे हे अधिक मूलगामी कार्य आहे, असे त्यांनी ठरविले आणि १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रमाची स्थापना केली. आश्रमाने पुनर्विवाहाचा प्रचार करावयाचा नाही, हेही त्यांनी निश्चित केले. पुनर्विवाहाचा प्रश्न त्यांना प्रिय होता. तरीही आश्रमावर लोकांचा विश्वास बसावा, म्हणून त्यांनी दोन्ही कार्ये वेगळी ठेवली. ध्येयनिश्चितीत काय करावयाचे याबरोबरच काय बाजूस ठेवावयाचे, याचाही निर्णय करावा लागतो, आणि तोच अवघड असतो.

नित्याची सवय

ध्येयाला दिनक्रमाचा आधार नसेल तर ते संकल्पाच्या पातळीवरच राहते. १९०० साली आश्रम हिंगण्याच्या माळावर एका झोपडीत गेला. तेथे जाण्यास धड रस्ता नव्हता. महाविद्यालयातील अध्यापन आटोपून कर्वे चिखल तुडवीत, आश्रमासाठी लागणारे सामान घेऊन हिंगण्यास पायी जात आणि पुन्हा आपल्या कामावर परतत. मुंबईत शिकवण्या करीत असल्यापासून उत्पन्नाचा ठराविक अंश लोककार्यासाठी बाजूला काढण्याची सवय त्यांनी लावून घेतली होती. अशा नित्यक्रमामुळे रोज नव्याने निश्चय करावा लागत नाही. आज उत्साह आहे की नाही, हा प्रश्नच उरत नाही.

या सातत्यातूनच १९१६ मध्ये महिला विद्यापीठ उभे राहिले. पुढे १९३६ साली, वयाच्या अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी, शाळा नसलेल्या खेड्यांसाठी त्यांनी ग्राम प्राथमिक शिक्षण मंडळाचे कार्य आरंभिले आणि त्यासाठी दारोदार फिरून लहानलहान वर्गण्या गोळा केल्या. १९५८ मध्ये त्यांना ‘भारतरत्न’ हा सन्मान प्राप्त झाला.

आपल्या कामात उपयोग

हे सर्व थोरांनाच साधते, असे मानण्याचे कारण नाही. पंचायतीच्या सदस्याने वर्षासाठी एकच उद्दिष्ट लिहून ठेवावे. उदाहरणार्थ, गावातील एकही मुलगी चौथीनंतर शाळा सोडणार नाही. आठवड्यातील एक ठराविक संध्याकाळ त्या मुलींच्या पालकांच्या भेटीसाठी राखावी. शिक्षकाने अभ्यासात मागे पडलेल्या चार मुलांसाठी रोजची वीस मिनिटे मुक्रर करावी. अधिकाऱ्याने टपाल उघडण्यापूर्वीचा अर्धा तास सर्वांत महत्त्वाच्या, पण रेंगाळलेल्या प्रकरणास द्यावा. रात्री निजण्यापूर्वी दैनंदिनीत दोन ओळींची नोंद करावी: आज ठरलेल्या कामास वेळ दिला काय? दिला नसल्यास तो कोठे गेला? महिनाभर ही नोंद प्रामाणिकपणे ठेवली, तर वेळ कोठे गळतो हे आपले आपल्यालाच कळून येईल.

अडचणी येतील, नियम मोडेल. एक दिवस चुकला म्हणून व्रत सोडू नये. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा धरावे. हिंगण्याची वाटही रोजच्या पावलांनीच रुळली होती.