पोटातल्या बाळाचे ठोके संगणकात का 'तयार' करतात? समजून घ्या सोप्या भाषेत

नागपूर : डागा, मेयो असो की मेडिकल, प्रसूती कक्षात एक आवाज हमखास ऐकू येतो. घोडा दौडावा तशी टकटक. हे पोटातल्या बाळाचे ठोके. मिनिटाला ११० ते १६० ठोके सर्वसाधारण मानले जातात. पण स्क्रीनवरचा आकडा बाळाचाच, हे कशावरून?

अडचण काय?
बहुतेक यंत्रे डॉप्लर तंत्रावर चालतात. पट्टा सरकला की ती कधी कधी आईचीच नाडी पकडतात. कळांच्या वेळी आईचे ठोकेही शंभरीपार जाऊ शकतात. मग आकडा 'नॉर्मल' दिसतो आणि बाळाचा त्रास लपतो.

ईसीजी का नाही?
आईच्या पोटावर इलेक्ट्रोड लावून बाळाचा ईसीजी घेता येतो. मॅक्स क्रेमर यांनी तो १९०६ मध्येच टिपला होता. पण आईच्या सिग्नलपुढे बाळाचा सिग्नल फारच क्षीण असतो. साधारण २८ ते ३२ आठवड्यांत बाळाच्या त्वचेवरचा पांढरा थर तो आणखी अडवतो. वरातीत डीजेशेजारी उभे राहून मोबाइलची रिंग ऐकण्यासारखेच हे!

सॉफ्टवेअर काय करते?
हे दोन सिग्नल वेगळे करणारा अल्गोरिदम बरोबर आहे का, हे तपासायला खरे उत्तर आधी माहीत हवे. खऱ्या गर्भवतीच्या बाबतीत ते मिळणे कठीण. म्हणून 'एफईसीजीसिन'सारखे मुक्त सॉफ्टवेअर आई आणि बाळाचे ठोके गणिती समीकरणांतून तयार करते. त्यात स्नायूंचा गोंगाट, कळा, बाळाची हालचाल, अगदी जुळीही मिसळता येतात. प्रत्येक ठोका कधी पडला, हे आधीच ठाऊक असते. म्हणजे 'आन्सर की' हातात! याच सॉफ्टवेअरच्या संग्रहात पाच-पाच मिनिटांचे १,७५० कृत्रिम सिग्नल आहेत. म्हणजे सुमारे १४६ तास.

मर्यादा काय?
संगणकात पास झालेला अल्गोरिदम प्रत्यक्षात नापास होऊ शकतो. त्यामुळे खऱ्या रुग्णांवरील चाचणी टळत नाही.

तुम्ही काय लक्षात ठेवाल?
मॉनिटर लावल्यावर आईची नाडी वेगळी मोजली का, हे जरूर विचारा. आणि बाळाची हालचाल कमी वाटली, तर मोबाइल ॲप किंवा घरच्या यंत्रावर विसंबू नका. थेट दवाखाना गाठा.