सही करण्याआधी

‘चाचणीत भाग घेणार का?’ असे सर्जनने विचारले की वस्तीत पहिली शंका येते, गरिबांवर प्रयोग करतात. ही शंका उगाच आलेली नाही. पण दुसरी बाजूही पाहा.

मुंबईच्या टाटा रुग्णालयाचे सर्जन डॉ. राजेंद्र बडवे यांना प्रश्न पडला. स्तनातील कर्करोगाची गाठ काढण्याआधी तिच्याभोवती बधिर करणारे साधे, स्वस्त इंजेक्शन दिले तर? देशातील ११ केंद्रांत १,६०० स्त्रिया सहभागी झाल्या. इंजेक्शन कुणाला द्यायचे हे डॉक्टरच्या मर्जीवर नव्हते, चिठ्ठी काढावी तसे ठरले. २०२३ साली निष्कर्ष छापून आला. पाच वर्षांनी इंजेक्शन मिळालेल्या शंभरांपैकी ९० जणी हयात होत्या, न मिळालेल्यांपैकी ८६. मोठे डॉक्टर म्हणतात म्हणून नव्हे, पडताळून. तथागतांनी कालामांना हेच सांगितले होते.

ही विद्या ऑपरेशनसारखीच शिकावी लागते. टाटा आणि नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या ‘क्रेडो’ कार्यशाळेत डॉक्टर आठवडाभर राहून आपल्या चाचणीचा आराखडा पक्का करतात. रुग्ण किती, तुलना कशाशी, हे सारे आधी ठरते.

आपणही तयार असावे. संमतीपत्र मराठीत मागा, घरी वाचून घ्या, एक प्रत जवळ ठेवा. नकार दिला म्हणून नेहमीचे उपचार कुणी थांबवू शकत नाही. नव्या औषधाच्या चाचणीत इजा झाली, तर २०१९च्या नियमांप्रमाणे मोफत उपचार मिळालेच पाहिजेत.